उसाच्या कडेवरची नजर

३ नोव्हेंबर, सोमवार

घडलं ते असं—
१. साडेपाचला आई उसाच्या कडेला गवत कापत होती. मी स्लॅबवर, गोरखदादाची दुर्बीण घेऊन राखणीला.
२. बांधावर काहीतरी हललं. चित्र इतकं थरथरत होतं की आकार धरता आला नाही.
३. मी ओरडून सांगितलं, कुत्रं आहे.
४. बिबट्या होता. आईच्या मागची शेळी उचलून उसात गेला.

आईला खरचटलंही नाही. म्हणाली, "कुत्रं म्हनं! आदी डोळं तपासून घे."

४ नोव्हेंबर

झोप नाही. गोरखदादा, म्हणजे चुलतभाऊ, दुर्बिणीची तक्रार ऐकून घेत नाही. "वीस पट हाय बाय ती! पार आळेफाट्याची लायटं दिसत्यात."

दिसत असतील, स्टँडवर ठेवली तर. हातात धरली की चित्राबरोबर हाताची थरथरही वीस पट. संध्याकाळी अंधारं दिसतं. आणि चष्मा न काढता पाहिलं तर मधे नाण्याएवढं वर्तुळ, बाकी काळं.

चाकणला कारखान्यात मी मोजमापाची उपकरणं तपासते. ही न तपासता हातात घेतली.

आईला म्हटलं, आठवडाभर शेतात जाऊ नको. "मंग गाईला काय तुजा लॅपटॉप घालू?"

रजा वाढवली.

६ नोव्हेंबर

पुण्याला जाऊन आले. दुकानदार म्हणे, दहा-पन्नास घ्या मॅडम, लांबचं दिसतं. मला लांबचं नको, स्थिर हवं. दुकानाबाहेर उभी राहून समोरची पाटी पाहिली. दहा-पन्नास जड, खांदे भरून आले. आठ-बेचाळीस घेतली. आठ पट, पुढची भिंगं बेचाळीस मिलिमीटरची. हलकी. डोळ्यांकडचे कप आत फिरवले की चष्म्यासकट पूर्ण दृश्य.

७ नोव्हेंबर

कोपरं कठड्यावर टेकवली. चित्र जागच्या जागी. उसाचं पान न् पान वेगळं.

गोरखदादा— "एवढुशी? ह्यात काय दिसंल, मुंगी?" मग हातात घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही.

८ नोव्हेंबर

कडेला काही नव्हतं. मग दुर्बीण आईवर आणली.

चार मुठी गवत कापते. विळा ठेवते. घराकडे वळून बघते— एवढ्या लांबून कुणाला काय दिसणार, असं— आणि छाती दाबून खाली बसते. थोड्या वेळाने उठते. पुन्हा चार मुठी, पुन्हा तेच. मी उसाकडे बघायचं विसरले.

घरी आल्यावर विचारलं, दम लागतो का?
"काम केलं की लागतोच."
छातीत दुखतं?
"चा उतू चाललाय बघ."

चहा अजून गॅसवर ठेवलाही नव्हता.

९ नोव्हेंबर, रविवार

थोरल्या भावाला, समर्थला, सकाळी पाठवलेला मेसेज—

"दादा, काम करताना आईच्या छातीत दुखतंय आणि ती लपवतेय. अंदाज नाही, मी पाहिलंय. उद्या नारायणगावला तिचा ईसीजी काढते. तू पुण्यात हृदयाच्या डॉक्टरची वेळ घे. तिला फोन करून विचारू नकोस, नाही म्हणेल. मंगळवारपर्यंत मला कळव."