रुतलेला चोक

१४ ऑगस्ट
निघत नाही म्हणजे नाही! बाबांच्या बंदुकीच्या नळीत, तोंडाशी आट्यांवर बसवलेला, छर्रे एकवटून सोडणारा बोटभर चोक — हलायचं नाव नाही. चूक बाबांचीच. इतक्या आवळ चोकमधून पोलादी छर्रे मारू नयेत, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. मागच्या हंगामात यांनी मारले. आई नावेत ओरडत होती, तरी मारले. चोक फुगून रुतला.

वीस तारखेला भर दुपारी बाराला बदकांचा हंगाम उघडतो. "बंदूक नाही, तर तळंही नाही," म्हणाले आणि खुर्चीत तोंड फिरवून बसले.

मार्चमध्ये आई गेली. तेव्हापासून तळ्याकडे फिरकलेले नाहीत. इतकी वर्षं ती वल्हवायची, हे नेम धरायचे, मी मध्ये कॉफीचा थर्मास सांभाळत. शिकारीचा परवाना काढला मी, पण बंदूक कधी हाती आली नाही. न येवो. यंदा वल्हवीन मी. त्यांना नावेत बसवायचंच!

१५ ऑगस्ट
नळी सुटी केली. आट्यांत तेल सोडून मुरत ठेवली.

१६ ऑगस्ट
ढिम्म. चोक फिरवायची चावी सटकली, माझं बोट सोललं. बाबा म्हणतात, "तेल बोटाला लाव. तिथं तरी कामी येईल."

१७ ऑगस्ट
शेजारचा उर्हो आला — हातात नळाच्या कामाचा भलामोठा पाना! "एक हिसका, की बाहेर!"

बाबा खुर्चीतून ताडकन उठले. "नळी चेपवशील, गाढवा! तुझ्या ट्रॅक्टरचं नळकांडं आहे का हे?"

"मग ने दुरुस्तीवाल्याकडे."

"का? आमचे हात गहाण पडलेत?"

मनसोक्त भांडले, मग दोघांनी मिळून माझा दालचिनीचा पाव फस्त केला. बाबा असे कडाडले की घर भरल्यासारखं वाटतं.

१८ ऑगस्ट
शनिवार, सौनाच्या गरम खोलीत शेकायचा दिवस. बाबा शेकून लालबुंद, टॉवेल सावरत दारात — "हिल्का! नळी आण! बर्फ आण! नळी तापून फुगेल, चोक गारठून आकसेल!"

सौनातल्या ज्या बाकावर आईने कधी ओले मोजे वाळत घालू दिले नाहीत, तिथं बंदुकीची नळी! चांगली तापल्यावर चोकमध्ये बर्फ कोंबला. मी फडक्याने नळी धरली, बाबांनी चावी फिरवली. कर्र — आणि फिरला!! बाबा टॉवेलवर अंगणात नाचले. उर्हो कुंपणावरून बघत होता. बघू दे.

१९ ऑगस्ट
नळी शाबूत. रुतलेल्याच्या जागी मोकळ्या तोंडाचा दुसरा चोक अलगद बसला. आणि बाबा पुन्हा खुर्चीत! "उद्या येणार ना?" विचारलं, तर "बघू." आता सबबही उरली नाही. मी नाव धुऊन ठेवली. मला भीती वाटतेय.

२० ऑगस्ट
आले! मी दार ओढून धक्क्यावर धावले, तर बाबा आधीच नावेत. आईच्या जागेवर. वल्ही हातात. बंदूक माझ्या जागी ठेवलेली.

"घे, पोरी. इथं बसून ती काय बघायची, ते एकदा बघू दे मला."