तिरिपेतली बाई

४ नोव्हेंबर
एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर होऊन आमचे हे आता चित्रकार झालेत! कॉलनीच्या प्रदर्शनासाठी चित्र — ‘गृहिणी’. मॉडेल घरातच, फुकट. सूर्य मावळताना खिडकीतून तिरीप येते, तेव्हा मी हॉलमध्ये केर काढत वाकायचं. म्हटलं, “दिवेलागणीला कुणी केर काढतं का?” तर म्हणे, “कलेत असलं काही नसतं. केरसुणी डाव्या हातात धर, रचनेला तोल येतो.” धरली.

५ नोव्हेंबर
तिरिपेत धूळ सोनेरी दिसायला हवी. घरात धूळच नाही — माझीच चूक! मग चाळणीतून मैदा उडवला. नंतरचा खराखुरा केर मीच काढला. तो चित्रात नाही.

९ नोव्हेंबर
कंबर गेली. पण आज चित्रात चेहरा उतरला — माझा! कपाळावर ऊन, कानामागे बट. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा मी कायम कुणाच्या तरी शेजारी. माझं एकटीचं असं हे पहिलंच. खोटं कशाला लिहू, पोळ्या सोडून चारदा बघून आले. फार आवडलं.

१२ नोव्हेंबर
शेजारच्या यशोदाबाई विरजण न्यायला आल्या नि चित्रापुढे थबकल्या. “अगं बाई! तिन्हीसांजेला केर? लक्ष्मी जाते ना घरातून! असलं कोण भिंतीवर लावेल?” यांचा चेहरा खर्रकन उतरला. म्हटलं, “सकाळचं ऊन काढा.”
“सकाळी ही तिरीप नसते. तुला नाही कळायचं.”

१३ नोव्हेंबर
केरसुणी पुसली. आता मी रिकाम्या हातांनी वाकलेय — कानातलं हरवल्यासारखी.

१४ नोव्हेंबर
दुपारी डोळा लागला होता, तेवढ्यात मलाही पुसलं. माझ्या जागी फरशी! “तू नसलीस की प्रकाश मोकळा होतो. नाव तेच ठेवलंय, ‘गृहिणी’. सूचक!” आधी हसूच आलं. मग मोरीत नळ सोडून रडले.

१७ नोव्हेंबर
पहिलं बक्षीस! परीक्षक म्हणाले, “बाई न दाखवता बाई जाणवते.” यांनी माइकवरून सगळं श्रेय ‘मिसेस’ना दिलं. टाळ्या मीही वाजवल्या. सवय.

१९ नोव्हेंबर
घोटी. ताईकडे आले. यांचा फोन — “किती दिवस राहणार?” म्हटलं, बघू. सगळ्या साड्या घेऊन आलेय, ते सांगितलं नाही.