घोरणं माझं, नाक बाबांचं

घाटकोपर (पश्चिम), मुंबई
सोमवार, २३ मे १९८८

श्री. विद्याधरराव यांस,
नंदकुमारचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमची, सुलक्षणाची आणि चि. मिहिरची प्रकृती ठणठणीत असेल अशी आशा आहे. तिकडे सिडनीत थंडी सुरू झाली असेल. (आमच्या मे महिन्यात तुमचा हिवाळा येतो हे मला अजून पटत नाही. बाबा म्हणतात, पृथ्वी गोल आहे, तेव्हा कुणाला तरी हे सोसावंच लागणार.) आमच्याकडे उकाड्यानं जीव नकोसा झालाय, पाणी सकाळी पाऊण तास येतं आणि सौ. कुंदानं या वर्षी कैरीचं लोणचं घातलेलं नाही. लोणचं न घालण्याचं कारण मी आहे. ते पुढे येईलच.

बाबांची प्रकृती उत्तम आहे. इतकी उत्तम आहे, की त्यामुळेच हे पत्र लिहायची वेळ आली. तुमचं ९ तारखेचं पत्र मिळालं. मी दर आठवड्याला पाठवत आलो ते तुमच्या त्या घोरण्यावरच्या यंत्राच्या मास्कचे आणि हवेच्या दाबाचे सगळे आकडे तुम्ही तिकडच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलेत, आणि इतक्या दाबालाही घोरणं हटत नाही म्हणजे केस अवघड आहे, विमानात बसवू नका, गळ्याचं ऑपरेशन करावं लागेल, असं ते म्हणाले. विद्याधरराव, हात जोडतो, ते ऑपरेशन रद्द करा. बाबा घोरत नाहीत. आयुष्यात कधी घोरले नाहीत. घोरतो तो मी.

हे वाक्य लिहून मी उठलो, मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन बसलो. खोडावं असं दोनदा मनात आलं, पण कुंदा समोर बसून तांदूळ निवडतेय आणि तिचं लक्ष तांदळाकडे नाही. गेले चार दिवस ती माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलते.

याची सुरुवात तुमच्यापासूनच झाली (दोष देत नाही, फक्त आठवण करून देतो). १९८० साली लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे मुक्कामाला आलात. जागा दोन खोल्यांची. बायका आत, पुरुष बाहेर. ओळीनं बाबा, मी आणि तुम्ही. सकाळी तुमचे डोळे लालभडक आणि कानात कापूस. चहा पिताना तुम्ही फार सभ्यपणे विचारलंत, की रात्री खाली रस्त्याचं काम चालू होतं का. मी तेव्हा चौतिसाचा. घरात नवा जावई, चहा ओतायला सुलक्षणा, दारात कुंदा. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबांचं वय झालंय हो." बाबा खिडकीत आरसा टांगून दाढी करत होते. तोंडाला साबण तसाच ठेवून वळले आणि म्हणाले, "हो हो, माझंच ते. झोप झाली नाही ना तुमची?" आणि परत आरशाकडे वळले. एवढंच. मला वाटलं, प्रकरण मिटलं. खोटं बोलणाऱ्याला नेहमी तसंच वाटतं.

पण ते बालंट बाबांच्या अंगाला चिकटलं ते चिकटलंच. भिंतीपलीकडचे राजाराम परब सकाळी जिन्यात भेटले की बाबांकडे बघून म्हणायचे, "काय अण्णा, काल पण इंजिन चालूच होतां हां!" आणि बाबा हसून हात जोडायचे. गेल्या वर्षी परबांच्या आई गेल्या. सोसायटीच्या आवारात शोकसभा ठेवली. मी सेक्रेटरी, तेव्हा खुर्ची पहिल्या रांगेत. शेवटी दोन मिनिटं स्तब्धता. सगळे उभे राहिले. मीही उभा होतो, हे मी शपथेवर सांगतो, पण कडेच्या भिंतीला खांदा टेकला होता आणि आदल्या आठवडाभर मला ऑफिसातसुद्धा टेबलावर डुलक्या येत होत्या. पुढचं मला आठवत नाही, सांगितलेलं आहे. दुसऱ्या मिनिटाला माझ्याकडून असा काही आवाज निघाला, की परबांच्या मुलानं मान वर केली. मी जागा झालो तेव्हा बाबा एक पाऊल पुढे येऊन सगळ्यांना म्हणत होते, "माफ करा, वयोमानानं उभ्या उभ्या डोळा लागला." आणि लोक त्यांना खुर्ची देत होते! मी काय केलं, विचाराल तर मी त्यांना धरून त्या खुर्चीत बसवलं. परब अजून मला म्हणतात, वडिलांना जपतोस हां.

नंतर तुम्ही बाबांना सहा महिने तिकडे न्यायचं ठरवलंत. मिहिर पाच वर्षांचा झाला, आजोबांनी त्याला फोटोतच पाहिलंय. बाबांनी स्वेटर काढून उन्हात घातला होता. मग तुमचं पत्र आलं, की तिकडच्या घरांच्या भिंती लाकडी, आवाज झाला तर शेजारी पोलिसांना फोन करतात, तेव्हा आधी घोरण्यावर उपाय करू. त्याच वेळी मला खरं सांगता आलं असतं. पत्र घेऊन मी गच्चीवर गेलो, वाक्य जुळवलं, खाली आलो, तर बाबा स्वेटरची घडी घालत होते. म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं. बघू पुढे." माझं जुळवलेलं वाक्य मी गिळलं.

मग तुम्ही ते यंत्र पाठवलंत. घोरणं ही थट्टा नव्हे, झोपेत गळा मिटतो, श्वास अडकतो, आणि हे यंत्र नाकातून हवा सोडून गळा उघडा ठेवतं, असं तुम्ही अकरा पानांत लिहिलंत. यंत्र आणणाऱ्या तुमच्या स्नेह्यांना सहार विमानतळावर कस्टमच्या साहेबांसमोर मास्क लावून दाखवावा लागला, त्याबद्दल त्यांची माझ्या वतीनं पुन्हा क्षमा मागा. यंत्राच्या पिनचे काटे तिरपे, आमच्या कुठल्याच प्लगात जाईनात. शेवटी साकीनाक्याला माझ्या शाळासोबत्याचं, जयवंतचं, पंप दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, त्यानं ती पिन कापून इकडची बसवली. तुमच्या पत्रात "दहा सेंटिमीटर पाणी" असं होतं, म्हणून कुंदानं बादलीत पट्टी बुडवून तेवढं पाणी भरून तयार ठेवलं होतं. जयवंतनं गवंड्याची पारदर्शक नळी आणून समजावलं, की हवेच्या जोरानं नळीतलं पाणी जितकं वर चढेल तितका तो दाब, पाणी कुठं ओतायचं नाही. बादली झाडांना घातली.

मास्क तीन आले, लहान, मधला, मोठा. बाबांचं नाक तुम्हाला माहीत आहे, लांब आणि धारदार. लहान मास्क नाकाच्या शेंड्यावरच अडला. मधल्यातून हवा निसटून थेट डोळ्यांत, बाबा सकाळी रडून उठल्यासारखे दिसायचे. मोठा लावला तर कवळी काढल्यावर गाल आत जाऊन खालून हवा सुटायची आणि कवळी ठेवली तर ती झोपेत खुळखुळायची. शेवटी जयवंतनं मोठ्या मास्कचं रबर दोन्ही बाजूंनी कापून बाबांच्या नाकाबरहुकूम केलं. चार पट्टे डोक्यामागे आवळून बाबा एप्रिलच्या उकाड्यात, आमच्या त्या खोलीत, त्या रबराखाली झोपले. आणि शेजारच्या गादीवर मी घोरलो.

सकाळी परब हजर. "काय फरक नाय हां." म्हणून मी दाब वाढवून सहाचे आठ केले. परब म्हणाले, आवाज उलट वाढलाय. आठाचे दहा. (तिथं परबांनी त्यांच्या गावच्या देवाक गाऱ्हाणां घालूया म्हणून सुचवलं.) दहाचे बारा. बाराला बाबांच्या पोटात इतकी हवा जायची, की दुपारपर्यंत ढेकर द्यायचे आणि प्रत्येक ढेकरेनंतर "क्षमा असावी" म्हणायचे. आणि मी, विद्याधरराव, मी हे सगळं वहीत मांडून तुम्हाला पाठवत होतो. ६ सेंमी, उपयोग नाही. ८ सेंमी, उपयोग नाही. ज्या माणसाला रोगच नाही त्याच्यावर औषध चालत नाही, असा मी दर आठवड्याला पुरावा देत होतो. रोज ठरवायचो, उद्या सांगू. बाबा एका अक्षरानं कधी कुरकुरले नाहीत. एकच वाईट खोड त्यांना लागली आहे, तीही आजची नाही, जुनी आहे. रात्रीतून तीन-चारदा मला खांद्याला धरून हलवतात आणि विचारतात, "नंदू, किती वाजले रे?" रेडियमचं घड्याळ त्यांच्याच मनगटावर असतं! मी चिडून काहीतरी वाजले म्हणून सांगतो. म्हातारपण, दुसरं काय. त्या घुश्शातही मी थोडं समाधान मानायचो, की बाबाही मला त्रास देतात, म्हणजे फिट्टंफाट. काय ही अक्कल.

तुमचं ऑपरेशनचं पत्र मी वाचून दाखवलं. मला वाटलं, आता तरी बाबा बोलतील. ते म्हणाले, "बरं, बघू. तू आधी जेव. आमटी निवतेय." कुंदानं हातातली पळी ठेवली, कैऱ्या चिरायला घेतल्या होत्या त्या उचलून शेजारी देऊन आली आणि मला म्हणाली, "त्यांच्या गळ्याला सुरी लागेपर्यंत थांबणार आहात का?" त्यानंतर भाजीपुरतं.

काल रविवार. जेवणानंतर बाबा खाली गेले होते. मी म्हटलं, निदान बघावं तरी, त्यांनी दीड महिना काय सोसलं ते. मोठा मास्क लावला (माझं नाक बसकं आणि रुंद, आईकडचं), कापलेल्या जागी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या, खटका दहावर केला आणि पाच मिनिटं म्हणून आडवा झालो. उठलो तेव्हा देवापाशी दिवा लागला होता. डोकं असं स्वच्छ, की मला आमच्या भिंतीचा रंग हिरवा आहे हे कळलं. दारात परब घाबरे होऊन उभे होते. बाबा खाली कट्ट्यावर बसलेले त्यांनी दुपारी पाहिले होते आणि तेव्हापासून भिंतीपलीकडून नेहमीचा आवाज नाही, म्हणजे आज घरात काय विपरीत घडलं की काय असा त्यांचा सूर. म्हणजे परबांनाही मुळात ठाऊक होतं, कुणाचं इंजिन ते! बाबा कधी वर आले मला कळलं नाही. माझ्या उशाशी स्टुलावर बसले होते, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलेलं. डोळे ओले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "मास्कची हवा गेली डोळ्यांत." मास्क तर माझ्या तोंडावर होता.

तर विद्याधरराव, हे असं आहे. मला लाज वाटते. तुमची वाटते, त्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांची वाटते, परबांच्या गेलेल्या आईची वाटते, आणि बाबांची इतकी वाटते की काल रात्री त्यांच्याकडे बघून मला साधं "झोपा आता" म्हणवेना. माझ्यामुळे मिहिरचे आजोबा वर्षभर इथे अडकले. त्यांना बोलावून घ्या. तुमच्या लाकडी भिंतींना त्यांच्यापासून काडीचा धोका नाही. माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू द्या, मी त्याच लायकीचा आहे.

सौ. सुलक्षणास आशीर्वाद, चि. मिहिरला पापा.

तुमचा शरमिंदा मेहुणा,
नंदकुमार

ता. क. - कापलेला मास्क फार दिवस चालणार नाही, पट्ट्या घामानं सुटतात. एक मोठा मास्क, न कापलेला, जमलं तर पाठवावा. हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही.

ता. क. २ - डॉक्टरांना सांगावं, आकडे खरे होते, फक्त नाक चुकलं होतं. दहा सेंटिमीटर बरोबर आहे.

ता. क. ३ - हे सगळं कृपया सुलक्षणाला सांगू नये. धाकटी बहीण आहे, जन्मभर हसेल. तिला एवढंच सांगा, की यंत्रानं बाबांना गुण आला.

चि. विद्याधररावांस अनेक आशीर्वाद.

नंदूनं हे पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. चिकटवायचं राहिलं होतं, म्हणून वाचलं. खाली जागा होती, म्हणून लिहितो.

पहिल्यांदा आळ घेतला तो पोराची लाज राखायला. पुढे तो माझ्या सोयीचा झाला. नंदू घोरता घोरता मधेच थांबतो, श्वासही. थांबला की मी घड्याळाचे सेकंद मोजतो. विसाच्या आत सुरू झाला नाही तर हलवतो. का हलवलं हे सांगितलं तर तो भिईल, म्हणून वेळ विचारतो. किती वाजले हे मला माहीत असतं. मी घोरत नाही हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही लगेच तिकीट पाठवलं असतं, आणि मिहिरला बघायची इच्छा नव्हती असं नाही, पण इथे याला हलवणार कोण? कुंदाला सांगितलं असतं तर तीही जागत बसली असती. यंत्र माझ्या नाकावर सोसलं ते एवढ्यासाठी, की हा हट्टी आहे, लाव म्हटलं असतं तर लावलं नसतं. कधीतरी आपणहून लावून बघेल याची वाट बघत होतो.

काल दुपारी वर आल्यापासून दिवेलागणीपर्यंत मोजत बसलो. एकदाही पाचाच्या पुढे जावं लागलं नाही.

आधी मोठा मास्क पाठवा. तो पोचला की तिकीट.