लिफ्टवाली बस आणि माझा शांत स्वभाव

५ जानेवारी
आजपासून रागावायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, हिनेही सांगितलंय. मुळात मी शांतच माणूस. लोक मला राग आणतात, एवढंच.

लेकीला मुलगी होऊन दोन महिने झाले. नातीला बघायला जायचंय. जावई म्हणाले, गाडी घेऊन न्यायला येतो. साफ नको म्हटलं. सगळं जग बसने जातं, मीही बसनेच येणार. व्हीलचेअरवर बसतो म्हणून मी काही पार्सल नाही.

११ जानेवारी, सकाळ
बस स्टँडवर गेलो. बसची पहिलीच पायरी माझ्या गुडघ्यांच्या वर. कंडक्टरने दोन हमालांना हाक मारून सांगितलं, काकांना उचलून आत टाका. टाका! त्याला शांतपणे समजावलं. बरीच गर्दी जमली. बस आम्हाला न घेताच गेली. ही म्हणते, शेजारची बससुद्धा घाबरून वेळेआधी सुटली. काहीतरीच.

ठरलं. लिफ्ट असल्याशिवाय बसमध्ये पाय ठेवणार नाही. (ठेवायचा प्रश्नच नाही, पण बोलायची पद्धत असते.)

१४ जानेवारी
बस कंपनीला पत्र. शाळेत हेडक्लार्क म्हणून जन्म गेला, पत्र कसं लिहायचं ते मला कोणी शिकवू नये. कंपनी हादरली असणार.

९ फेब्रुवारी
उत्तर आलं. अपंग प्रवाशांना तिकिटात सवलत आहे, तिचा लाभ घ्यावा. लाभ! ज्या बसमध्ये चढताच येत नाही, तिच्यात अर्ध्या तिकिटात न चढायचं? संताप संताप झाला. कप फुटला. (रागाने नव्हे. आधीच तडकलेला होता.)

२ मार्च
आता रोज डेपोत जाऊन बसतो. मॅनेजर मला बघितलं की मागच्या दाराने चहाला जातो. मागच्या दाराला पायऱ्या आहेत, हे त्याला बरोबर माहीत आहे. चोर लेकाचा.

लेकीचा फोन. बाळ पालथं पडायला लागलं, बाबा, या ना आता. म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. तिने फोनवर बाळ दाखवायला घेतलं. मी तोंड फिरवलं. नात बघायची ती समोरासमोर.

२१ एप्रिल
हिला म्हटलं, तू एकटी जाऊन ये. नाही म्हणाली. तुम्हाला खुर्चीतून पलंगावर कोण घेणार, म्हणे. उगाच. तिचे स्वतःचेच गुडघे दुखतात, प्रवास नको असतो, नाव माझं पुढे करते.

बाळ बसायला लागलंय म्हणे.

१८ जून
जिंकलो! लिफ्टवाली बस आली!

चाचणी माझ्या देखरेखीखाली. मेकॅनिकने चावी फिरवली, लिफ्ट खाली आली, मी खुर्चीसकट वर. डेपोतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरनेही वाजवल्या, मनातून नसतील. परत खाली आलो तर मेकॅनिक चावी लिफ्टलाच लटकत ठेवून निघालेला! चांगला फैलावर घेतला. उद्या कोणीही येईल, फिरवेल, मोडून ठेवेल. चावी डेपोतच कुलपात राहील, असं मॅनेजरकडून लेखी घेतलं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

ही म्हणाली, मीही येते बरोबर, बाळाला बघते. म्हटलं, मुळीच नाही. मदतीशिवाय एकटा जाता येतं, हे दाखवायचंय मला.

२५ जून, दुपार, बसमध्येच
बस पोचली. लेक समोर उभी, बाळ कडेवर. ड्रायव्हर उतरून लिफ्टपाशी गेला. तसाच परत आला. चावी डेपोत आहे म्हणाला. तशी लेखी सूचना आहे.

चढवायचं सगळ्यांनी ठरवलं होतं. चढलेला माणूस कुठेतरी उतरतो, हे एकाही साहेबाच्या डोक्यात आलं नाही! गाढव आहेत सगळे, वरपासून खालपर्यंत!

कंडक्टर म्हणाला, चौघं मिळून उचलतो, अलगद. खबरदार म्हटलं. मग लेकच बाळाला घेऊन वर आली, शेजारच्या सीटवर बसली. म्हणाली, असू दे बाबा, बस तासाभराने परत फिरते, तेवढा वेळ आहे. घ्या हिला.

मी मॅनेजरला फोन लावला होता. हातानेच तिला थांब म्हटलं. मॅनेजर म्हणाला, सूचना तुमचीच होती. असं कसं बोलतो हा माणूस? मग मुख्य ऑफिस. त्यांनी दुसरा नंबर दिला. दुसऱ्याने तिसरा. लेक मधूनमधून म्हणत होती, बाबा, घ्या ना. एकदा बाळाने माझी बाही ओढली. मी सोडवून घेतली, फोन त्याच हातात होता.

शेवटी मोठे साहेब लाइनवर आले. असे झापले! आख्खा स्टँड ऐकत होता. साहेबांनी चक्क माफी मागितली. फोन ठेवला आणि वळलो. बाळ लेकीच्या खांद्यावर झोपलं होतं, तोंड पलीकडे. कंडक्टरने बेल मारली. लेक बाळाला तसंच सांभाळत उतरली.

२६ जून
प्रवास एकंदरीत यशस्वी. कंपनी लेखी दिलगिरी पाठवणार आहे.

हिला तेवढंच सांगितलं, लिफ्ट झकास चालते. ती ऐकत नव्हतीच. जवळ येऊन बसली आणि विचारायला लागली, मांडीवर घेतलंत ना, जड लागली का हो?

म्हटलं, हो. बरीच.