कूट घातलेली खिचडी

शनिवार संध्याकाळ, श्वार्त्सवाल्ड, जर्मनी

ह्युटेतल्या, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या लाकडी घरातल्या, बंकवर पडून लिहितेय. खांदे कामातून गेलेत. सॅकमध्ये कपडे कमी, लेकीची, इराची औषधी पावडर आणि तिचा वेगळा ब्रेडच जास्त. प्रथिनं तिच्या शरीराला झेपत नाहीत, जास्त झाली की थेट मेंदूवर परिणाम. साबुदाणा मात्र चालतो, म्हणून सासूबाईंनी सकाळी उठून खिचडी केली. एका जेवणापुरती तरी सुटले, असं वाटलं.

चढावर बाकावर बसून डबा उघडला, तर दाण्याचं कूट.

"अहो आई, दाणे तिला चालत नाहीत ना."

"अगं, कुटाशिवाय खिचडी कशी करायची? मूठभरच घातलंय."

मी काल सांगितलं नव्हतं का? की साबुदाणा म्हटल्यावर सुटकेच्या आनंदात विसरले? नवरा, निखिल, बुटाच्या नाड्या बांधत बसला. आईसमोर त्याच्या नाड्या नेहमीच सुटतात.

इरा पार्किंगपासून खिचडी मागत होती. तिने डब्यात पाहिलं आणि झाकण लावलं. "आजी, इश हाब काइनेन हुंगर." भूक नाही म्हणे. मग मुद्दाम मागे राहून कोरडा ब्रेड चावत चालली, आजीला दिसू नये म्हणून. आठ वर्षांची पोर. कुटापेक्षा तेच जास्त लागलं मला.

मघाशी डबा घासायला घेतला, तर तसाच भरलेला.

"आई, तुम्हीही खाल्ली नाहीत?"

"मला कुठे भूक होती," म्हणाल्या. नजर चुकवून, हुबेहूब इरासारखी.