झुकझुकगाडीची रेघ

माझ्या घरच्या लक्ष्मीस आणि दोन्ही लेकरांना मनापासून आशीर्वाद.

देवाच्या दयेने मी सुखरूप आहे. सुतारकाम बरं चाललंय. गुडघा कुरकुरत नाही, म्हणजे फारसा नाही. आईचा खोकला कसा आहे?

तुम्ही तिघं मे महिन्यात इथे येणार, म्हणून दर रविवारी मी शहरातले रस्ते पायाखाली घालतो. मुलं दमतील तिथे बाक आहे का, तेही पाहून ठेवतो. थोरलीसाठी मत्स्यालय ठरवलंय आणि धाकट्यासाठी बागेतली झुकझुकगाडी. तिथला तिकीटवाला आता मला ओळखतो. "काका, नातवंडांना कधी आणताय?" म्हणाला. मी म्हटलं, "नातवंडं कसली, लेकरं आहेत माझी!"

पण गाडीपाशी खांबावर एक लाल रेघ आहे. तिच्याहून उंच मुलांना बसू देत नाहीत. ती माझ्या शर्टाच्या वरून दुसऱ्या गुंडीला येते. चार वर्षांपूर्वी घरून निघताना मी कानावरची पेन्सिल काढून दाराच्या चौकटीवर धाकट्याची खूण केली होती, आठवतं? तो टाचा उंचावत होता आणि मी हसत त्याचं डोकं दाबत होतो. ती खूण माझ्या कमरेला लागायची. रोज देवापुढे हात जोडले की तो तेवढाच दिसतो.

त्याला पुन्हा चौकटीशी उभा कर, सुतळीने माप आणि ती सुतळी पाकिटात घाल. रेघेच्या वर गेला असेल, तर त्याला गाडीचं सांगू नकोस. मी दुसरं काही शोधीन.

पण माझं मन राखायला सुतळी दोन बोटं आखूड कापू नकोस.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
मुलांचा बाबा