बॉर्डरवरची साखर

प्रिय बारक्या,

फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस. साखरेचा विषय काढला की माझीच फिरकी घेतोस आणि हसत हसत फोन ठेवतोस, म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच, मध्येच बाजूला टाकू नकोस.

आपल्या घरात डायबेटिस कधी कुणाला झालाच नाही बघ. सगळे नुसते बॉर्डरवर. आत्या बॉर्डरवर, काका बॉर्डरवर, आणि बाबा तर अंगठा काळा पडला तरी बॉर्डरवरच होते. पुढे त्यांचं पाऊल कापावं लागलं, तेव्हाही आई लोकांना जखम चिघळली एवढंच सांगायची. तूही त्यांच्याच वळणावर गेलास. वर्षाची तपासणी आली की दोन दिवस उपाशीतापाशी राहायचं, कोरा चहा ढोसायचा, आणि रिपोर्ट बरा आला की पहिला नंबर आल्यासारखं मिरवायचं. अरे शहाण्या, तपासणी म्हणजे काय परीक्षा आहे, आदल्या रात्री घोकून पास व्हायला?

मागच्या रविवारी तू आलास आणि माझ्या शिवणाच्या खोलीतून तसाच अनवाणी आत घुसलास. खाली बघून चाल म्हटलं, पण तू कुठला ऐकतोस. मग पलंगावर पाय पसरून तुझ्या बसमधल्या पोरांच्या गमती सांगायला लागलास. कुणी कुणाचा डबा पळवला, कोण खिडकीशी बसण्यावरून रडलं. मी हसत होते आणि माझं लक्ष तुझ्या तळव्याकडे गेलं. उजव्या चवड्यात टाचणी रुतली होती, पार डोक्यापर्यंत. तू हातवारे करत बोलतच होतास. मी ती उपसून काढली तरी तुला पत्ता नाही. रक्त दाखवलं तेव्हा म्हणालास, "अगं ताई, कष्टाची कातडी आहे, जाड झालीय."

बारक्या, मी इतकी वर्षं पायाने मशीन चालवतेय. पायडल किती दाबलं ते मला वाकून बघावं लागत नाही, पायालाच कळतं. तुझ्या पायाला काय कळतं रे? त्याच चवड्याने तू मुलांनी भरलेली बस थांबवतोस. तेव्हापासून बाहेर हॉर्न वाजला तरी माझं कामातलं लक्ष उडतं. परवा एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली मी.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना विचारून आले. तुझं नाव नाही घेतलं. त्या म्हणाल्या, पाय असा बधिर झाला म्हणजे साखर बहुतेक वर्षानुवर्षं आत मुरलेली असते. मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर दाखवणारी तपासणी असते, तिला दोन दिवसांचा उपास फसवू शकत नाही. पण त्या असंही म्हणाल्या की साखर ताब्यात आणता येते. औषध, जेवणाची शिस्त, चालणं, आणि रोज आरसा धरून तळवे बघणं. बाबांचं झालं ते तुझं व्हायलाच हवं असं मुळीच नाही. मला तिथेच रडू कोसळलं.

तरी तुझ्याशी बोलायचा धीर होईना. काल शाळेच्या कोपऱ्यावर नुसती बघायला उभी राहिले. शिपाईमामांनी हात केला, तुझी बस थांबली, पण पांढऱ्या पट्ट्यांच्या पुढे जाऊन. पट्ट्यांवर एक चिमुरडी होती. मामांनी तिला दप्तराला धरून मागे ओढलं. पोरं आत खिदळत होती. तू काच खाली करून मामांनाच काहीतरी चेष्टेने म्हणालास. तुला हाक न मारताच मी घरी परतले.

आज सकाळी मी तुझ्या मालकांकडे गेले होते. टाचणीचं सांगितलं, कालचंही सांगितलं. उद्या ते तुझ्याकडून बसची किल्ली काढून घेतील. तुझे पाय आणि साखर तपासून डॉक्टर हो म्हणेपर्यंत ती परत मिळायची नाही. त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांना मीच भाग पाडलंय. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून पत्र आजच तुझ्या बायकोच्या हाती देतेय. घरात चूल कशी पेटेल याची मला काळजी नाही असं समजू नकोस, ते आपण दोघं मिळून बघू. तू माझ्याशी बोलणं टाकशील याची मला फार भीती वाटते. पण त्या पोरीच्या आईसमोर तुला उभं राहावं लागेल, याची त्याहून जास्त वाटली.

तू काहीही म्हटलंस तरी तुझीच,
ताई